सोळा वर्षांचा अल्बम, दोन सेकंदांचा हक्क

मेलबर्नच्या ‘द अ‍ॅव्हलांचेस’ या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या गटाचा पहिला अल्बम ‘सिन्स आय लेफ्ट यू’ नोव्हेंबर २००० मध्ये आला. दुसरा, ‘वाइल्डफ्लॉवर’, आला जुलै २०१६ मध्ये. मधल्या काळात सीडीची दुकानं बंद पडली, आयपॉड आला आणि गेला, गटातली बहुतेक मंडळी बाहेर पडली आणि धुरा मुख्यतः रॉबी चेटर आणि टोनी डी ब्लासी या दोघांवर आली. अल्बम एकदाचा बाहेर पडला तेव्हा कौतुकाचा सूर ठरलेला होता: प्रतिभेला घाई नसते, वाट पाहिल्याचं चीज झालं, वगैरे.

मला हा सूर पटत नाही. अल्बम सुरेख आहे, त्याबद्दल वाद नाही. पण इतक्या लांबलेल्या प्रतीक्षेला तपश्चर्येचा मुलामा दिला की तिच्यातला एक भाग नुसत्या कागदपत्रांचा होता हे झाकलं जातं. कोण किती वर्षं गप्प बसला याच्या दंतकथा रंगवण्यात संगीतविश्वाला भारी रस. कायद्यानं कुणाला किती काळ ताटकळत ठेवलं, याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

हे लोक करतात काय, ते आधी पाहू. जुन्या बाजारातून, धर्मादाय दुकानांतून दोन-पाच डॉलरला मिळणाऱ्या रेकॉर्डी आणायच्या. कुणी ऐकत नाही असली व्हायोलिनची धून, कॉमेडी शोमधला संवाद, घोड्याचं खिंकाळणं, कोरसमधला एखादा ‘आ’ असे तुकडे सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून हवे तसे वाजवणाऱ्या यंत्रात, भरायचे. तेव्हाच्या यंत्रात मेमरी इतकी थोडी की तुकडा आखूडच ठेवावा लागे. तुकड्याचा वेग वाढवला की त्याची पट्टीही चढते, कमी केला की उतरते. म्हणून दोन वेगळ्या रेकॉर्डींवरचे दोन आवाज एका सुरात आणायला कान तयार लागतो आणि चिकाटीही. ‘सिन्स आय लेफ्ट यू’चं पहिलंच गाणं ऐका. १९६८ सालच्या, जवळपास विसरल्या गेलेल्या एका गटाच्या गाण्यातली बाई तिथे अशा काही उत्साहानं गाते की मूळ गाणं तिच्यापुढे मिळमिळीत वाटतं. आवाज तिचाच, शब्द तिचेच, पण वेग आणि पट्टी बदलल्यामुळे मनःस्थितीच दुसरी. अख्ख्या अल्बममध्ये असे साडेतीन हजार तुकडे आहेत, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. आकडा अंदाजाचा आहे. एकेक तुकडा मोजत कोण बसलंय!

आता परवानगीकडे या. रेकॉर्ड झालेल्या प्रत्येक गाण्यावर दोन निरनिराळे हक्क असतात. चाल आणि शब्द यांचा एक, आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे मास्टरचा, दुसरा. पहिला सहसा प्रकाशन कंपनीकडे, दुसरा रेकॉर्ड कंपनीकडे. गीतकार तिघे असतील आणि तिघांचे प्रकाशक वेगळे असतील, तर अर्ध्या सेकंदाच्या आवाजासाठी चार सह्या. त्यातली एक कंपनी दुसरीनं विकत घेतलेली, दुसरी दिवाळखोरीत गेलेली, गायक वारलेला आणि त्याच्या मुलांत भांडण. आपल्याकडे सातबाऱ्यावर सोळा वारसांची नावं असलेली गुंठाभर जमीन ज्यानं कधी विकायचा प्रयत्न केला असेल, त्याला हे वेगळं समजवायला नको. त्यात या धंद्याचा आणखी एक रिवाज असा की एका मालकाला जास्त दर दिला तर बाकीच्यांनाही तोच द्यावा लागेल असं कलम करारात घातलं जातं. म्हणजे सगळ्यांत अडून बसलेला माणूस सगळ्यांचा भाव ठरवतो.

हे सगळं कायम असंच नव्हतं. १९८९ मध्ये डे ला सोल या न्यूयॉर्कच्या रॅप गटाचा पहिला अल्बम अशाच तुकड्यांतून उभा राहिला. १७ डिसेंबर १९९१ रोजी न्यूयॉर्कच्या एका फेडरल न्यायाधीशानं बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल दिला. मार्कीनं गिल्बर्ट ओसुलिव्हन या गायकाच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय घेतला होता. न्यायाधीशांनी निकालपत्राची सुरुवातच बायबलमधल्या ‘चोरी करू नकोस’ या आज्ञेनं केली आणि फौजदारी कारवाईचा विचार व्हावा म्हणून प्रकरण सरकारी वकिलाकडे धाडलं. अल्बम बाजारातून मागे घ्यावा लागला. बिझ मार्कीनं पुढच्या अल्बमचं नावच ठेवलं ‘ऑल सॅम्पल्स क्लिअर्ड!’, म्हणजे सगळ्या सॅम्पलची, उचललेल्या तुकड्यांची, परवानगी घेतली आहे! त्या दिवसानंतर कंपन्यांच्या वकिलांनी धसका घेतला आणि शेकडो तुकड्यांचा अल्बम करणं हा श्रीमंतांचा किंवा वेड्यांचा उद्योग होऊन बसला. डे ला सोलच्या जुन्या अल्बमांचे हक्क इतके गुंतले की ते स्ट्रीमिंगवर यायला मार्च २०२३ उजाडला. त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी गटातला डेव्हिड जोलिकूर वारला. आपलंच संगीत लोकांच्या फोनवर वाजताना त्याला बघायला मिळालं नाही.

आणि हाच बिझ मार्की ‘वाइल्डफ्लॉवर’वर आहे. ‘द नॉइझी ईटर’ या गाण्यात तो खाण्यावर तोंडभरून बोलतो, आणि मागे शाळकरी मुलांच्या घोळक्याच्या आवाजात बीटल्सचं ‘कम टुगेदर’ ऐकू येतं. ज्या खटल्यानं ही कला आवळली त्यातला प्रतिवादी त्याच कलेच्या पुनरागमनाला हजर. ही निवड योगायोगानं झाली असेल असं मला वाटत नाही.

विलंबाला इतर कारणंही होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. चेटरला दीर्घ आजारानं काही वर्षं कामापासून दूर ठेवलं. मध्ये हा गट इतर कामांत गुंतला, केलेलं टाकून पुन्हा केलं, डॅरेन सेल्टमन हा संस्थापक सदस्य निघून गेला. आजारपणाला कायदा जबाबदार नाही आणि ‘मनासारखं होत नाही’ यावर संसदेत उपाय नाही. पण जो भाग माणसांनी केलेल्या नियमांचा आहे तेवढा माणसांना बदलता येतो, आणि माझं म्हणणं तेवढ्यापुरतंच आहे: छोट्या सॅम्पलसाठी ठराविक दरानं मिळणारा कायदेशीर परवाना हवा. पैसे भरा, नाव छापा, वापरा. कुणाच्या दारात उभं राहायची गरज नाही.

हे ऐकून भुवया उंचावतात. पण दुसऱ्याचं अख्खं गाणं नव्यानं गाऊन रेकॉर्ड करायचं असेल तर हाच नियम शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. अमेरिकेत पियानो-रोल (आपोआप वाजणाऱ्या पियानोत घालायच्या कागदी गुंडाळ्या) बनवणाऱ्या एका कंपनीच्या हाती सगळी गाणी जातील या भीतीनं १९०९ च्या कायद्यात सक्तीचा परवाना आला. दर प्रती रोल दोन सेंट. गाणं एकदा बाजारात आलं की दुसरा कुणीही ते रेकॉर्ड करू शकतो, संगीतकाराला ‘नाही’ म्हणता येत नाही. दर अधूनमधून वाढतो, एवढंच. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ३१-ग आलं: मूळ गाणं येऊन पाच वर्षं झाली की कव्हर व्हर्जनचा परवाना कायद्यानं मिळतो, वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. त्याआधीच्या ढिल्या तरतुदीचा फायदा घेत ऐंशीच्या दशकात टी-सीरिजनं जुन्या गाण्यांची व्हर्जनं स्वस्त कॅसेटवर काढून बाजार कसा पालथा घातला, हे त्या पिढीला आठवत असेल. तेव्हा बोंब झाली, आणि पैशाच्या बाबतीत ती रास्त होती. म्हणून तरतूद कडक झाली, रद्द मात्र झाली नाही.

म्हणजे विसंगती पाहा. अख्खं गाणं, मुखड्यापासून शेवटच्या अंतऱ्यापर्यंत, मी दुसऱ्या गायिकेकडून गाऊन घेतलं तर कायदा मला दर सांगतो. त्याच गाण्यातलं सतारीचं एक ‘डिंग’ मूळ रेकॉर्डवरून उचललं तर कायदा म्हणतो, मालकाच्या पाया पड. ओहायोच्या बाजूच्या अमेरिकन अपील कोर्टानं २००५ मध्ये स्वच्छ लिहिलं की परवाना घ्या नाहीतर सॅम्पल करू नका, तुकडा कितीही छोटा असो. कॅलिफोर्नियाच्या बाजूच्या कोर्टानं २०१६ मध्ये, मॅडोनाच्या ‘व्होग’मधल्या ०.२३ सेकंदाच्या ब्रासच्या, म्हणजे पितळी वाद्यांच्या, फटकाऱ्यावरून, नेमकं उलट सांगितलं. एकाच देशात, एकाच कायद्याखाली.

युरोपात तर या विषयाचा महाखटला क्राफ्टवेर्क या जर्मन गटानं चालवला. इलेक्ट्रॉनिक संगीताचे मूळपुरुष म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं तेच हे. त्यांच्या १९७७ च्या ‘मेटाल आउफ मेटाल’मधला सुमारे दोन सेकंदांचा ठेका मोझेस पेलहाम या निर्मात्यानं १९९७ मध्ये एका जर्मन रॅप गाण्याखाली सतत वाजवला. प्रकरण जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत पुनःपुन्हा गेलं. २०१६ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं कलेच्या स्वातंत्र्याच्या बाजूनं कौल दिला, २०१९ मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयानं सांगितलं की ओळखू येणारा तुकडा असेल तर परवानगी हवी, आणि २०२३ मध्ये नव्या मुद्द्यावर ते पुन्हा लक्झेंबर्गला गेलं. दोन सेकंदांसाठी दोन दशकं! (या क्राफ्टवेर्कचं स्वतःचं पुनरागमनही असंच लांबलेलं: १९८६ नंतर नव्या गाण्यांचा अल्बम थेट २००३ मध्ये. त्यांना कुणाची परवानगी नको होती, आवाज सगळे स्वतःचेच. तेव्हा सगळा उशीर सॅम्पलमुळेच होतो असंही म्हणता येत नाही, हे मान्य.)

मालकाचा नकाराधिकार काढून घेतला तर गरीब कलाकार लुटला जाईल, असा मुख्य आक्षेप असतो. तो हलक्यानं घ्यायचा नाही, कारण आपण लुटल्या गेलेल्यांत बसतो. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेचं ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ गाजलं. त्याचा पायाच मुळी लता मंगेशकरांच्या आवाजातलं, बप्पी लाहिरींनी चाल दिलेलं ‘ज्योती’ चित्रपटातलं ‘थोडा रेशम लगता है’ होतं. ना विचारणा, ना नाव. अमेरिकी कोर्टानं लाहिरींचं नाव छापल्याशिवाय रेकॉर्ड विकू नका असा आदेश दिला, आणि बरोबर दिला. ते सॅम्पल नव्हतं, दुसऱ्याच्या गाण्याच्या खांद्यावर बसणं होतं. असली उचल माझ्या परवान्यात बसणारच नाही, कारण तो मोजक्या सेकंदांपुरता असेल आणि नाव छापणं ही त्याची पहिली अट असेल.

पण आजचा कडक कायदा गरीब कलाकाराला वाचवतो हे कुणी सांगितलं? १९६९ मध्ये विन्स्टन्स या अमेरिकी गटानं ‘आमेन, ब्रदर’ रेकॉर्ड केलं. त्यात मध्येच सगळे थांबतात आणि ड्रमर ग्रेगरी कोलमन सहा-सात सेकंद एकटा वाजवतो. जंगल, ड्रम अँड बेस हे अख्खे संगीतप्रकार त्या सहा-सात सेकंदांवर उभे राहिले, हजारो गाण्यांत तो ठेका आहे. कोलमनला त्यातून एक दमडी मिळाली नाही. २००६ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या डोक्यावर छप्पर नव्हतं, असं त्याच्या सहकाऱ्यांनी सांगितलं. हक्क होता, कायदा होता, पण तो वसूल करायला पैसा आणि वकील लागतो. ठराविक दर असता, खात्यात आपोआप पैसे जमा होण्याची सोय असती, तर त्या ड्रमरला निदान भाडं भरता आलं असतं. नकाराधिकार म्हणजे श्रीमंताचं हत्यार. गरिबाला नकार नको असतो, हिशेब हवा असतो.

आणि मालक म्हणजे कलाकार, हे समीकरण तर आपल्याकडे कधीच नव्हतं. लताबाईंनी साठच्या दशकात गायकांनाही रॉयल्टी मिळावी म्हणून भांडण मांडलं, रफींशी त्यावरून बिनसलं, दोघांची एकत्र गाणी काही काळ बंद झाली. गायकांना कायद्यानं वाटा मिळायला २०१२ ची दुरुस्ती यावी लागली. तोवर गाणी कंपनीची. कंपनीलाही आपल्याकडे काय आहे हे धड माहीत असतंच असं नाही. ‘आराधना’मधल्या ‘बागों में बहार है’चा जेमतेम तुकडा टिंबलँड या अमेरिकी निर्मात्यानं एका रॅप गाण्यात वापरला म्हणून सारेगामानं अमेरिकेत दावा लावला. २०११ मध्ये अपील कोर्टानं १९६७ चा मूळ करार वाचला आणि सांगितलं की ध्वनिमुद्रणाचा हक्क यांच्याकडे सिद्धच होत नाही. परवानगी मागायला गेला असतात तर ज्याचा हक्क नाही त्याच्याकडून घेऊन आला असतात.

एक नकार मात्र मला मोडवत नाही. अ‍ॅव्हलांचेसचा तिसरा अल्बम २०२० मध्ये, म्हणजे तुलनेनं लवकर आला. पण त्यात पाहुण्या गायकांची रीघ आहे. पूर्ण तुकड्यांतून विणलेला पहिल्यासारखा अल्बम तो नाही. कायद्यानं संगीताचा पोतच बदलला असं मला त्यावरून वाटतं. या अल्बमची प्रेरणा होती १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी. मुखपृष्ठावर चेहरा आहे तो त्या तबकडीच्या कामात असलेल्या अ‍ॅन ड्रुयन यांचा. आणि त्या तबकडीवरच्या संगीतात भारतातून एकच आवाज आहे, गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांचा, भैरवीतला ‘जात कहाँ हो’. कुणी आपली गायकी उचलू नये म्हणून जन्मभर सावध राहिलेली ही बाई. रेडिओवर गायला तयार नव्हत्या, रेकॉर्डिंगच्या बाबतीत हात आखडता. त्यांच्या तानेचा दीड सेकंद कुणी ढोलाखाली घातला असता तर त्यांनी काय केलं असतं, हे सांगायची गरज नाही. तेव्हा कलाकार हयात असेपर्यंत त्याच्या स्वतःच्या ‘नाही’ला मान असावा. कंपनीच्या नाही, कलाकाराच्या. जाहिराती आणि राजकीय प्रचार या परवान्यातून कायमचे बाहेर असावेत. कलाकृतीची विटंबना रोखण्याचे लेखकाचे आणि कलाकाराचे हक्क आपल्या कायद्याच्या कलम ५७ आणि ३८-ख मध्ये आहेतच, त्यांना हात लावायचा नाही. आणि जमणारी निम्मी रक्कम कंपनीला बगल देऊन थेट गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांकडे जावी.

कंपन्या याला विरोध करणार. पण त्यांचा नैतिक आव आता टिकत नाही. जून २०२४ मध्ये बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि उडिओ या कृत्रिम बुद्धिमत्तेनं गाणी बनवणाऱ्या कंपन्यांवर दावे ठोकले, आणि पुढच्याच वर्षी त्यांतल्या काहींनी तडजोड करून परवान्याचे करार केले. म्हणजे हजारो गाण्यांचं गोदाम एका टेबलावर बसून एकरकमी देता येतं. मेलबर्नच्या खोलीत बसलेल्या दोघांनी मात्र प्रत्येक तुकड्याच्या मालकाला शोधत फिरायचं. महाराष्ट्रातही कोळीगीतांवर, हळदीच्या गाण्यांवर रिमिक्स करणारी डीजे पोरं आहेत. आपलं नाव दर दहा सेकंदांनी मोठ्या आवाजात ऐकवतात, मूळ गायकाचं एकदाही घेत नाहीत. ते वाईटच. पण एखाद्याला नाव आणि पैसे दोन्ही द्यायचे असतील तर जायचं कुठे? त्याला ठाऊक असतो तो एकच रस्ता: गाणं इंटरनेटवर चढवायचं आणि स्ट्राइक, म्हणजे मालकाच्या तक्रारीवरून ते काढल्याची नोटीस, येईपर्यंत वाट बघायची.

दर कोणी ठरवायचा हा खरा अवघड प्रश्न. कॉपीराइटचे असे वाद ऐकणारं अपील मंडळ २०२१ मध्ये केंद्रानं मोडीत काढलं आणि काम न्यायालयांवर टाकलं. आधीच तुंबलेल्या न्यायालयात दर ठरवायला गेलं तर सोळा वर्षं कमी पडतील. स्वतंत्र दर-मंडळ पुन्हा उभारल्याशिवाय हे जमणार नाही, आणि त्यावर कंपन्यांइतकेच वादकही हवेत.

तोवर आहे त्या कायद्याचा एक चमत्कार. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. एखादी पारंपरिक बंदिश १९५० च्या ७८ आरपीएम तबकडीवर असेल, तर त्या मुद्रणावरचा हक्क २०१० अखेर संपला. पुण्यातल्या पोरानं आज ती सॅम्पलरमध्ये घातली तर कुणाची सही लागत नाही. अमेरिकेत मात्र २०१८ च्या कायद्यानं १९४७ ते १९५६ मधल्या रेकॉर्डींना ११० वर्षांचं संरक्षण दिलं आहे, म्हणजे तीच तबकडी तिथे २०६० च्या शेवटापर्यंत कुलपात. पुण्यातलं गाणं इंटरनेटवर चढलं की न्यूयॉर्कमध्येही वाजणार, आणि ते कायदेशीर की बेकायदेशीर हे ऐकणारा कुठे बसलाय त्यावर ठरणार.